बैल बुजला तर गाडी थांबवायची, असा कायदा खरंच आहे का?

नवा_चालक_सांगली
गेल्या आठवड्यात रात्री आठच्या सुमाराला तासगावकडनं येत होतो, पुढं उसाच्या तीन-चार टायरगाड्या. ओव्हरटेक करताना मी हॉर्न मारला आणि पहिल्याच गाडीचा डावा बैल बुजला, गाडीवान कासरा आवळत खाली उतरला आणि मला हात करून म्हणाला थांबा जरा. मी थांबलो, पण मागचा कारवाला सारखा हॉर्न वाजवत होता. घरी सांगितलं तर काका म्हणाले, तुला थांबायलाच लागतंय, तसा कायदाच आहे. लर्निंगच्या परीक्षेत मला तरी असलं काही विचारलं नव्हतं. खरंच आहे का हे, की इंग्रजांच्या वेळचं काहीतरी जुनं?

कलमवाला
काका बरोबर सांगतायत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३२. त्यात पहिलं येतं ते अपघात झाल्यावर वर्दीतल्या फौजदारानं सांगितलं तर थांबायचं, आणि लगेच खाली जनावरवाला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याला वाटलं की ते बिथरलंय किंवा गाडीला घाबरून बिथरेल, तर त्यानं सांगितल्यावर ड्रायव्हरनं थांबायचं आणि गरज असेल तेवढा वेळ उभं राहायचं. वरची मर्यादा २४ तास, पण बैल शांत करायला दोन मिनिटं लागतात. बैल खरंच बिथरला का हे ड्रायव्हरनं ठरवायचं नाही, गाडीवानाला भीती वाटली एवढं पुरे. १९३९ च्या कायद्यातही हे होतं, १९८८ ला नवा केला तेव्हा काढलं नाही, आणि ते बरंच झालं.

जुनी_पानं
ही काळजी आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये १८६५ चा कायदा होता, रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी, गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल, आणि इंजिनाच्या ६० यार्ड पुढं एक माणूस लाल निशाण घेऊन चालणार. लोक आज ते वाचून हसतात, पण त्या माणसाचं काम घोडेवाल्यांना सावध करायचं आणि गरज पडली तर इंजिन थांबवायला लावायचं हे होतं. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती गेली, माणूस राहिला, २० यार्डांवर. मग जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड ताशी ८ मैलांनी गाडी नेताना सापडला, शिपायानं सायकलवरून पाठलाग करून धरला, वेगासाठी दंड १ शिलिंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्यादा १४ मैलांवर नेली आणि मोटारीपुढं चालणारा माणूस गेला.

एसटी_प्रेमी
जुनं झालेलं म्हणाल तर हाताच्या खुणा. १९८९ च्या रस्ते नियमांत होतं (२०१७ ला त्यांच्या जागी नवे नियम आले), डावीकडं वळायचं तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा, वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वरखाली. कायद्यानं इंडिकेटर चालतो, आता काचा बंद असतात, हात कोण बाहेर काढणार. पण बैलाचं कलम या रांगेत टाकू नका राव, ऊस सुरू झाला की ते रोज लागतंय.

गाडीसेंटर
माझे आईवडील बीडवरनं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, लहानपणी मी उसावर बसून कारखान्यापर्यंत गेलोय म्हणून सांगतो. भरलेल्या गाडीत दोन-अडीच टन ऊस असतो, उतारावर बैल बुजला तर सगळा भार जुवावर येतो, बैल पडला की पाय मोडतो, आणि गाडीवान दोन चाकांच्या मधे सापडला तर तोही जातो. बैल बहुतेक उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आणलेला असतो, तो गेला तर ते वर्ष कर्ज फेडण्यातच जातं. बैलाला ब्रेक नसतो हो. नव्या चालक, तुम्ही थांबलात ते लई बरं केलं. पुढच्या वेळी लांबूनच लाईट डिपरवर, म्हणजे खाली, घ्या, वरचा लाईट मारू नका, जवळ आल्यावर हॉर्न तर नकोच. गाडीवानाचा हात वर दिसला की गियर काढून उभं राहा, आणि तो "जावा" म्हणाला की मगच निघा.