मदत हवी आहे : प्राचीन इजिप्तवर मुलांसाठी मराठी पुस्तक

'द ममी रिटर्न्स' (२००१) पाहिल्यापासून लेकीच्या डोक्यात फक्त इम्होटेप. पडद्यावर तो शापातून पुन्हा उठणारा खलनायक. खरा इम्होटेप मात्र राजा जोसरचा मंत्री, सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचं श्रेय ज्याला देतात आणि ज्याला पुढे वैद्यकाचा देव मानून पुजलं तो. अशा गुणी माणसाची ही बदनामी मला फार खटकते. त्याच सिनेमातल्या स्कॉर्पियन किंगचंही (विंचू राजाचंही) तसंच. खऱ्या विंचू राजाच्या चित्रासमोर विंचू कोरलेला गदेचा दगडी माथा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

आता तिला सगळं खरं हवंय. ममी करताना नॅट्रॉन मीठ भरून देह कसा सुकवत, आतडी-फुप्फुसं वेगळी का ठेवत, वगैरे. दहा वर्षांच्या मुलीला स्वतः वाचता येईल असं, चित्रं-नकाशे असलेलं मराठी पुस्तक कोणी सुचवाल का? जुनं, वापरलेलंही चालेल.