जुनी पिकअप घेतलेल्यांनो, रिकॉलचे आणि गाडीच्या दुखण्यांचे अनुभव सांगा

राम राम मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ भाजीच्या वाहतुकीसाठी जुनी पिकअप घ्यायची म्हणतोय. काम असं की पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातनं माल भरायचा, गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवलीपर्यंत टाकायचा आणि सीझनला येताना आंबा आणायचा. दोन महिने झाले गाड्या बघतोय, त्यातली एक मनात बसलीय. २०२० च्या शेवटाची बीएस सिक्स (म्हणजे धुराच्या नव्या नियमातली), एमएच ०९ पासिंग, एकच मालक, रनिंग लाखाच्या आत, हौदा नुकता रंगवलेला. एजंट म्हणतोय आज टोकन टाका, उद्या गाडी राहणार नाही. पण आमच्या चुलत्यांनी असंच घाईत एक गाडी घेतली आणि दोन वर्षं हप्ता आणि गॅरेज दोन्हीकडं पैसे भरत बसले, ते घरात सगळ्यांनी बघितलंय. म्हणून विचारतोय. ज्यांनी जुनी पिकअप वापरलीय त्यांनी काय बिघडलं, कशामुळं बिघडलं, घेताना काय बघायला पाहिजे होतं ते सविस्तर लिहा. आणि कंपनीनं गाडी परत बोलावली होती, म्हणजे रिकॉल, असं कुणाचं झालंय का? जुन्या गाडीला ते काम फुकट करून देतात का? कंपनीचं नाव नाही घेतलं तरी चालेल, दुखणं सांगा.

शिरोली एमआयडीसी, कास्टिंगचा माल ओढतो

दादा पहिलं सांगतो, नवा रंग दिसला की सावध व्हा. मी घेतलेली गाडी पण अशीच चकाचक होती. चार महिन्यांनी मागनं कुईकुई आवाज यायला लागला, मला वाटलं पाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) बुश गेला, बुश बदलला तरी आवाज तसाच. शेवटी उद्यमनगरात एका मिस्त्रीनं रॅम्पवर घेऊन वायर ब्रश मारला तर मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोटभर चीर, आणि त्याच्यावर आधी एकदा वेल्डिंग करून काळा रंग फासलेला. दीड टनाच्या आतबाहेरची गाडी, आधीच्या मालकानं तिच्यात तीन तीन टन ओढलेलं. हे कंपनीचं दुखणं नाही, हे ओव्हरलोडचं दुखणं, पण भोगलं मी. त्यामुळं गाडी बघायला जाताना टॉर्च आणि वायर ब्रश घेऊनच जावा. केबिनच्या मागं जिथं हौदा सुरू होतो तिथं आणि मागच्या पाट्यांच्या दोन्ही ब्रॅकेटला हात फिरवून बघा. कंपनीचे पाटे किती आणि आता किती ते मोजा, जादा पाटा घातलेला दिसला तर त्या गाडीनं काय काय सोसलंय ते कळालं म्हणून समजा.

इचलकरंजी, सुताच्या बाचक्या

माझं थोडक्यात. प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासनं मागच्या चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा. गिअर टाकून क्लच सोडताना खालनं टक् असा आवाज आला तर क्रॉस गेलाय, तो स्वस्तात होतो. पण साठच्या स्पीडला मागनं घूं असा आवाज येतोय आणि ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतोय असं झालं तर क्राउन पिनियनचं, म्हणजे त्या डब्यातल्या गिअरचं, काम निघतंय, तिथं मोठा खर्च. म्हणून ट्रायल नुसती गल्लीतनं घेऊ नका, हायवेला काढा, जमलं तर लोड टाकून.

शिरोळ तालुका, २०१९ च्या महापुरानंतर गाडी घेतली

हे लिहायला आजही जड जातंय पण लिहितो. ऑगस्ट २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, ते सगळ्यांना आठवत असंल. त्यानंतर पाच सहा महिन्यांत मी एक पिकअप घेतली, भाव चांगला मिळाला म्हणून खूश होतो. पहिले दोन महिने काही नाही. मग एक दिवस हेडलाइट आपोआप बंद, मग वायपर, मग मीटरवर दिसंल तो दिवा लागायचा आणि गाडी जागेवर बंद. वायरमननं डॅशबोर्ड खोलला तर आत गाळाची पांढरट माती आणि सगळे कपलर (वायरींचे जोड) हिरवे पडलेले. गाडी पुरात बुडली होती आणि मला सांगितलं नव्हतं. हार्नेस (सगळं वायरिंग) बदलला, स्टार्टर बदलला, पुढं अल्टरनेटर गेला. इंजिनला काही झालं नाही एवढंच नशीब, कारण पाण्यातच सेल मारला तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉडच वाकतो. २०२१ च्या जुलैला परत पूर आला, म्हणजे तसल्या गाड्या अजून फिरतायत. ओळखायचं कसं तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. सीटच्या रेल्सला गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, फ्यूजबॉक्समध्ये माती. वास पण येतो, परफ्यूम लावला असला तर काच बंद करून उन्हात अर्धा तास ठेवा आणि मग दार उघडा. इन्शुरन्स क्लेमची हिस्ट्री मागा, द्यायला नको म्हणाला तर उठून या.

कागल, आमची बेकरी आहे

मी स्वतः चालवत नाही, मिस्टर चालवतात, पण गाडीचे कागद, सर्व्हिसिंग, पैसे सगळं माझ्याकडे असतं म्हणून लिहिते. दादा, तुम्ही रिकॉलचं विचारलंय, आमच्या गाडीला आला होता आणि आम्हाला दीड वर्ष पत्ताच नव्हता. गाडी सेकंड ओनर म्हणून घेतलेली. कंपनीनं पत्र आणि फोन पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, नंबरवर केलेले, तो कशाला कळवेल. आम्ही क्लचच्या कामाला एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तेव्हा तिथल्या मुलानं चासी नंबर टाकला आणि म्हणाला मॅडम या गाडीचं एक काम पेंडिंग आहे, डिझेलच्या एका होसचं, म्हणजे नळीचं, त्यातनं डिझेल गळू शकतं. गरम इंजिनजवळ डिझेल गळणं म्हणजे काय ते बेकरीवाल्याला सांगायला नको, पोटात गोळा आला माझ्या. दोन तासांत बदलून दिला, एक रुपया घेतला नाही, कितवा मालक ते पण विचारलं नाही. त्या दिवशी आमच्या गाडीवर माझा नंबर नोंदवून घ्यायला लावला. त्यामुळं माझं सगळ्यांना सांगणं आहे की बाहेरच्या गॅरेजला काम करा, काही हरकत नाही, पण गाडी घ्यायच्या आधी एकदा चासी नंबर कंपनीला विचारा.

दुसरं म्हणजे बीएस सिक्स. आमचं काम गावातल्या गावात, दोन किलोमीटर जायचं, थांबायचं, परत दोन किलोमीटर. त्यामुळं डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधली काजळीची जाळी, सारखी चोंदायची. ती काजळी जाळायला गाडी तापून हायवेला पंधरावीस मिनिटं एका स्पीडनं पळावी लागते. आता आठवड्यातनं एकदा मिस्टर निपाणीपर्यंत जाऊन येतात, दिवा लागायचा बंद झाला. कुणी डीपीएफ काढून टाका म्हणाला तर ऐकू नका.

रिकॉलची माहिती जमवणारा, राजारामपुरी

ताईंनी महत्त्वाचं लिहिलं. बऱ्याच लोकांना वाटतं रिकॉल म्हणजे फक्त मोठ्या कारला. तसं नाही, मालवाहू गाड्यांचे पण झालेत, पेपरात आलेले. २०२१ ला महिंद्रानं २९,८७८ पिकअप बोलावल्या होत्या, जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मधल्या, एक फ्लुइड पाइप नीट बसलाय का ते तपासायला आणि बदलायला. मारुतीच्या सुपर कॅरीचे २०१८ मध्ये दोनदा झाले, एकदा ६४० गाड्या फ्युएल पंपासाठी आणि डिसेंबरात ५,९०० गाड्या फ्युएल फिल्टरसाठी. २०२२ ला परत ५,००२ सुपर कॅरी, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बेल्टचा एक बोल्ट नीट आवळलाय का ते बघायला. एका बोल्टसाठी पाच हजार गाड्या बोलावल्या, आणि मला हे चांगलं वाटतं. रिकॉल आलेली गाडी वाईट असं धरू नका, रिकॉलचं काम न केलेली गाडी वाईट.

आपल्याकडं २०१२ पासून कंपन्या आपणहून रिकॉल करायच्या, तसं त्यांच्या संघटनेनं, सियामनं ठरवलेलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि कलम ११० अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. मालकाला तक्रार करायची सोय परिवहनच्या वाहन पोर्टलवर आहे. कुणी दाद देत नसंल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चासी नंबर १७ अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच. त्यामुळं गोल दिसलं की शून्यच लिहा. माझ्या मित्रानं ओ टाकला आणि गाडी सापडत नाही म्हणून परत आला. आणि नंबर आरसीवरनं (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरनं) नको, चासीवर खोदलेला स्वतः वाचा आणि आरसीशी जुळवा.

गगनबावडा लाईन, सोळा वर्षं ड्रायव्हर

तुमची लाईन माझीच म्हणून लिहितो. जुन्या गाडीत घाटाला एकच गोष्ट, ब्रेक. तीन वर्षांमागं मालकानं नवीन घेतलेली जुनी गाडी, टोमॅटोचा लोड, करूळ उतरताना अर्ध्यात पॅडल मऊ पडलं आणि ब्रेक लागंना. सेकंड टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या अंगाला गाडी घासत थांबवली. हात थरथरत होते, अर्धा तास खाली उतरलो नाही. नंतर कळालं ब्रेक ऑइल कधीच बदललेलं नव्हतं. ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि तापलं की उकळतं. दोन वर्षांला बदलावं, चारपाचशेचं काम. घाट ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं हे आम्हाला जुन्या माणसांनी शिकवलेलं, पण लोड असला की आणखी एक गिअर खाली.

उद्यमनगर, मिस्त्री

ड्रायव्हर मामांनी लिहिलं त्यात माझी भर, कारण ही गोष्ट गाडीवाल्यांना कुणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपला मागच्या हाउसिंगवरनं (मागच्या ॲक्सलवरनं) चासीला एक दांडी जाते, तिच्यावर ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. हौद्यात वजन पडलं की चासी खाली बसते, दांडी हालते आणि मागच्या ब्रेकला जादा प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरंल. आता तुम्ही जादा पाटा घातला की लोड टाकून पण गाडी उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे दोन अडीच टन माल आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! सगळा भार पुढच्या डिस्कवर, त्या तापणार, ऑइल उकळणार, आणि मग करूळात मामांचं झालं तसं होणार. पाटा घातला तर व्हॉल्व्हची दांडी परत सेट करून घ्यायलाच पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांत कितीतरी वेळा ही दांडी तारेनं बांधलेली किंवा काढून टाकलेली सापडते. बघायला एक मिनिट लागतं, मागच्या चाकाजवळ वाकून बघा.

बाकी टर्बोचा होस काढून आत ऑइल किती आहे ते बघा, थोडा ओलसरपणा चालतो. थंड इंजिनला सेल मारताना स्वतः हजर रहा, आधीच गरम करून ठेवली असंल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जावा.

गडहिंग्लज

कागदाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का बघा, असला तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०. चलन किती पडलेत ते ऑनलाइन दिसतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन दोन वर्षांनी फिटनेस, पुढं दरवर्षी, म्हणजे आठ वर्षांची होत आलेली गाडी घेताय तर तो खर्च धरा. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. मी टाकला नाही आणि पुढच्या महिन्यात ठोकली, क्लेमला सहा महिने हेलपाटे.

परत मीच, सगळ्यांचे मनापासून आभार

काल पहाटे साडेपाचला भाऊ आणि मी न सांगता गेलो. गाडी थंड होती, दुसऱ्या सेलला चालू झाली. टॉर्च घेऊन खाली गेलो, चासीला चीर नाही, सीटबेल्ट स्वच्छ. पण पाटे मोजले तर दोन्ही बाजूला एकेक जादा, आणि मिस्त्रींनी सांगितली ती दांडी खरंच तारेनं बांधलेली होती. भाऊ तिथंच खाली बसला. ही गाडी घेऊन तो पहिल्याच आठवड्यात करूळ उतरला असता. एजंटला दाखवलं तर म्हणतो सगळेच बांधतात.

चासी नंबर लिहून आणलेला, दुपारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. एक रिकॉलचं काम राहिलंय म्हणाले, ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपचं, गाडी आणा, पैसे लागणार नाहीत. मालकाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. माणूस भला वाटला, त्याला रिकॉलचं माहीतच नव्हतं. ठरलं असं की रिकॉलचं काम तो करून आणणार, जादा पाटे काढून व्हॉल्व्ह मिस्त्रीकडं माझ्यासमोर सेट होणार, ब्रेक ऑइल नवीन, आणि त्यानंतर लोड टाकून हायवेला ट्रायल. तोवर टोकन नाही. एजंट रुसलाय. सोमवारी सकाळी गाडी उद्यमनगरात येतेय, काय निघतं ते इथंच लिहितो.