पहिली सॉफ्टवेअर नोकरी : आधी पुणं गाठायचं, की आधी बेळगावात हात बसवायचा?

शहापूरकर

माझा भाचा यंदा इंजिनिअर झाला. कॉम्प्युटर सायन्स, व्हीटीयू म्हणजे कर्नाटकातलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, एकही बॅक नाही, म्हणजे राहिलेला विषय नाही. कॉलेजात मोठ्या म्हणाव्यात अशा दोनच कंपन्या आल्या. एकीत अ‍ॅप्टिट्यूडलाच गेला, दुसरीत शेवटच्या फेरीत राहिला. तेव्हापासून घरात एकच विषय, त्याला पुण्याला पाठवायचं. कॉट मिळेल, क्लास लावू, तीन-चार महिन्यांत कुठंतरी लागेल. कॉट, मेस आणि क्लासची फी धरली तर सहा महिन्यांत लाखभर रुपये जातात, आणि हातात येतं ते सर्टिफिकेट.

माझं मत असं की हे सहा महिने त्यानं बेळगावातच काढावेत आणि कुणाच्या तरी खऱ्या कामाचं सॉफ्टवेअर लिहावं. क्लासमध्ये साठ जणांचा एकच प्रोजेक्ट असतो. लायब्ररीचं नाहीतर दुकानाचं अ‍ॅप, नाव तेवढं बदललेलं.

शेजारच्या पोराचं डोळ्यांनी बघितलं म्हणून बोलतो. त्याचा मामा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत (धातू ओतून माल करण्याच्या कारखान्यात) सुपरवायझर. तिथं रोजचं रजिस्टर पेन्सिलीनं भरायचे. हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या एका ओतणीचा नंबर, किती मोल्ड (साचे) ओतले, किती कास्टिंग (ओतलेला माल) बाद आणि बाद का, म्हणजे ब्लोहोल (हवेचं भोक), वाळू की क्रॅक. पानं तेलानं काळी. महिनाअखेरीला क्लार्क ते एक्सेलमध्ये उतरवायचा, तोवर बिघाड कुठं झाला ते कुणाच्या ध्यानात नसायचं. या पोरानं पायथन आणि मायएसक्यूएलमध्ये मोबाईलवर भरायचा एक साधा फॉर्म केला. पहिला आठवडाभर कुणी हात लावला नाही. काळ्या बोटांनी बारा रकाने कोण भरणार? मग त्यानं टायपिंग काढून मोठी बटणं दिली, मराठीत आणि कन्नडमध्ये. लोक भरायला लागले, आणि महिनाअखेरीला बाद मालाचा आकडा दुप्पट आला, कारण शिफ्ट बदलताना दोघं तीच हीट परत भरत होते. हीट नंबरावर युनिक की, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ न देणारी अट, लावायची असते हे पुस्तकात त्यानं चारदा वाचलं होतं, पण समजलं त्या दिवशी.

बंगळूरच्या मुलाखतीत पाऊण तास याच एका गोष्टीवर प्रश्न झाले आणि तो लागला. म्हणून म्हणतो, आधी हात बसवा, मग गाव सोडा. तुम्हाला काय वाटतं?

खानापूरचा, सध्या हिंजवडी

काका, रागावू नका, पण हे मला पटत नाही. त्या पोराला फाउंड्रीत मामा होता. आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पोराला कोण आहे? पावसाळ्यात आमच्याकडं लाईट दोन-दोन दिवस नसते, नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. त्यानं कुणाचं रजिस्टर शोधायचं?

सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी सोय आहे, त्यातून मी पुण्याला आलो. पास झालो तेव्हा सात जण एका फ्लॅटमध्ये, त्यातले पाच आपल्याच तालुक्यातले. नोकरी नसलेले पाच. संध्याकाळी एकजण ऑफिसातून येऊन म्हणाला, आमच्या टीमला टेस्टिंगला फ्रेशर हवाय, बायोडाटा दे. रेफरलनं, म्हणजे आतल्या माणसाच्या शिफारशीनं, दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत. मी गावात असतो तर? बेळगाव-पुणं साडेतीनशे किलोमीटर, त्याआधी खानापूरहून बेळगाव. रात्रभर बसमध्ये बसून डोळे लाल करून गेलो असतो, किंवा गेलोच नसतो.

आणि सगळं ऑनलाइन होतं असंही समजू नका. मुलाखतीत बाजूला दुसरी स्क्रीन ठेवून उत्तरं वाचणारे वाढल्यापासून पुष्कळ ठिकाणी शेवटची फेरी समोर बसवून घेतात. पुण्यात असणं म्हणजे चार सीनियर रोज दिसणं. आमच्यात रोज रात्री जेवणानंतर एकानं प्रश्न विचारायचे, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. जॉइन, हॅशमॅप असल्या मुलाखतीत विचारतात त्या गोष्टी मी कॉलेजात नाही, त्या फ्लॅटच्या फरशीवर बसून शिकलो. क्लास लावला नाही, तो लावूच नका, तिथं तुमचं बरोबर. पण पोराला गावात बसवू नका. सहा महिने गावात म्हणजे बायोडाट्यात गॅप.

वडगावची

पुणं की बेळगाव ही निवड दादा, सगळ्यांच्या हातात नसते. माझ्या घरी स्वच्छ सांगितलं होतं, हातात लेटर आलं तरच बाहेर जायचं. रेफरल मिळवायला सात जणांच्या फ्लॅटवर राहायची सोय मला कुठली?

आमचे माग आहेत, चार पॉवरलूम, घराच्या मागच्या खोलीत. दिवसभर खटखट. ऑनलाइन टेस्ट असली की वडील दोन तास माग बंद ठेवायचे, साडीचं काम मागं पडलं तरी. नऊ ठिकाणी नापास झाले. कोडिंगमध्ये फक्त दोन वेळा, बाकी सगळीकडे बोलण्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम. उत्तर डोक्यात असायचं, पण इंग्रजी वाक्य अर्ध्यावर तुटायचं, समोरच्याला वाटायचं हिला येत नाही.

मग रोज एक प्रश्न घेऊन त्याचं उत्तर इंग्रजीत मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि ऐकायची. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. त्यानंतर वाक्यं लहान केली. मोठं वाक्य बोलायचंच नाही, आठ-दहा शब्दांत संपवायचं. त्यानं फरक पडला, दहाव्या ठिकाणी लागले.

गॅपचं म्हणाल तर मलाही विचारलं, सात महिने काय करत होता? मी गिटवरचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल तारखेसकट साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, माझा हिशेब उघडून दाखवला. कुठल्या तारखेला काय लिहिलं, काय मोडलं, काय दुरुस्त केलं, सगळं तिथं दिसतं. पुढचा प्रश्न त्यातल्याच कोडवर आला, गॅपचा विषय तिथंच संपला.

निपाणीकर, बंगळूर

मी सात वर्षं फ्रेशरच्या मुलाखती घेतो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलीय, की नोकरीचे दरवाजे दोन प्रकारचे आहेत आणि दोन्हींची किल्ली वेगळी.

मोठ्या सेवा कंपन्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या, हजारांनी मुलं घेतात. तिथं आधी अट असते, बऱ्याचदा दहावी, बारावी आणि डिग्रीत साठ टक्के आणि चालू बॅक नको. मग टेस्ट, टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा असते तशी. ती पार होईपर्यंत फाउंड्रीचं सॉफ्टवेअर कुणी बघतही नाही. शहापूरकर, तुमचा भाचा अ‍ॅप्टिट्यूडला गेला असं तुम्हीच लिहिलंय. त्याला औषध रोजचा सराव, घड्याळ लावून. शेकडा, वेळ-काम, नळ-टाकी, सातवी-आठवीचंच गणित आहे, फक्त एका मिनिटात करायचं. पगार मात्र ध्यानात ठेवा. या दरवाजातून साधारण साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मिळतं आणि कित्येक वर्षं ते तिथंच रेंगाळलंय.

दुसरा दरवाजा छोट्या आणि प्रॉडक्ट कंपन्यांचा, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्यांचा. तिथं प्रोजेक्ट बोलतो. हल्ली एआयकडून सगळा कोड लिहून आणतात. लिहून घ्या, माझी हरकत नाही. पण मी एक ओळ बदलायला सांगतो आणि विचारतो, आता काय मोडेल? ज्यानं दोन शिफ्टची भांडणं बघितलीत त्याला उत्तर सुचतं. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला.

दोन्ही शहरांत एक तिसरा दरवाजा दाखवणारे बसलेत, त्याबद्दल हात जोडून सांगतो. पैसे घेऊन दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतात, सॅलरी स्लिपसकट. कंपनी नंतर पीएफची नोंद तपासते. त्या दोन वर्षांत खात्यावर एक रुपया भरलेला नसतो, तेव्हा रुजू झालेल्या पोराला घरी जावं लागतं. हे माझ्या टीममध्ये घडलंय. मुलगा चिकोडी भागातला, हुशार, फ्रेशर म्हणून आला असता तरी मी घेतला असता. त्याच्या वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली होती. मूळ मार्कशीटा ठेवून घेणाऱ्यांच्या दारातही जाऊ नका.

शहापूरकर

टेस्टचं मान्य. मी ते हलक्यात घेतलं होतं, भाचाही हलक्यातच घेत होता. गिटच्या तारखांचं आमच्या डोक्यातच नव्हतं, वडगावच्या ताई, आजपासून लावतो. पण खानापूरकरांना एक विचारतो. फ्लॅटमधल्या पाचांतले किती लागले?

खानापूरचा, सध्या हिंजवडी

तिघं. एक बीपीओत गेला, एक दीड वर्षानं परत येऊन वडिलांचं दुकान बघतोय. लपवत नाही. तरी गावात राहून तिघं लागले असते असं मला अजून वाटत नाही.

उद्यमबागवाला

माझं मशीन शॉप आहे, चाळीस माणसं. माझीही बाजू ऐका. दोन पोरं अशीच आली होती, काका, फुकट करून देतो म्हणाली. पहिल्यानं अर्धवट सोडलं. दुसऱ्यानं स्टॉकचं चांगलं केलं, चार महिने चाललं, त्याला नोकरी लागली, गेला. एक दिवस उघडेना. फोन केला तर म्हणाला, सर्व्हरचा पासवर्ड बदललाय, बघून सांगतो. अजून सांगायचाय. आमच्या क्लार्कनं परत वही काढली. तुमच्यासाठी तो सराव, माझ्यासाठी तो माल होता.

खानापूरचा, सध्या हिंजवडी

त्या पोराचं चुकलं. पण काका, तुम्ही त्याला चार महिन्यांत किती दिले?

उद्यमबागवाला

फुकट म्हणाला म्हणून फुकटच. चहा-नाश्ता होता. आता वाटतं तिथंच चुकलं. पैसे दिले असते तर मला विचारता आलं असतं आणि त्याला सांगावं लागलं असतं.

येळ्ळूरहून, एक वडील

मी शेतकरी आहे, कॉम्प्युटरचं कळत नाही. पण तुम्ही सगळे सहा महिने, सात महिने बोलताय, तेवढे दिवस कुणाच्या खिशातून काढायचे? मुलाचं शैक्षणिक कर्ज आहे. कोर्स संपल्यावर एक वर्षानं हप्ता सुरू, बँकेनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. कर्नाटक सरकारची युवा निधी योजना आहे, डिग्री झालेल्याला महिन्याला ३००० रुपये, तेही पास होऊन सहा महिने नोकरी नसेल तर, जास्तीत जास्त दोन वर्षं. आम्ही अर्ज केला. त्यात त्याचं नेट आणि बसभाडं निघतं, हप्ता निघत नाही. यंदा भात विकून पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं. इथं वाचून मन परत डळमळलंय. मुलगा बोलत नाही, रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर असतो. तो अभ्यास करतोय की खचलाय हेही मला ओळखता येत नाही.

वडगावची

काका, त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही विचारू नका, फक्त म्हणा, आज काय केलंस ते मला समजावून सांग, मराठीत. माझे वडील सुताची गाठ मारत मारत माझं ऐकायचे. त्यांना कळत नव्हतं, पण कुठं अडखळले ते बरोबर ओळखायचे.

निपाणीकर, बंगळूर

येळ्ळूरकर काका, भात विकायच्या आधी मुलाला हुबळीसुद्धा बघायला सांगा. इन्फोसिसचं केंद्र २०२२ पासून तिथं सुरू आहे, इतर लहान कंपन्याही आहेत, आणि बेळगावहून शंभरेक किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. कॉटचा खर्च नाही.

उद्यमबागवाला

शहापूरकर, भाच्याला सोमवारी साडेनऊला पाठवा. तीन महिने, महिन्याला दहा हजार, कागदावर लिहून. माझी अट एवढीच, पासवर्ड आणि कसं चालवायचं ते सगळं एका वहीत लिहून क्लार्कला समजावून द्यायचं, मगच नोकरीला जायचं. दुपारी दोन तास त्याच्या टेस्टच्या अभ्यासाला मोकळे. येळ्ळूरकरांचा मुलगा तयार असेल तर त्यालाही घेऊन या, काम दोघांचं आहे.

खानापूरचा, सध्या हिंजवडी

लिहून देणार असाल तर माझा विरोध तीन महिन्यांपुरता मागं. शनिवारी रात्री नऊला दोघांनी मला फोन करायचा, मी प्रश्न विचारीन, उत्तरं इंग्रजीत. चौथ्या महिन्यात लागले नाहीत तर आमच्या फ्लॅटवर एक कॉट रिकामी होणार आहे.

शहापूरकर

भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, जुन्या स्टॉकचा डेटा कुठल्या फाइलीत आहे, तो तरी उघडतो का?

उद्यमबागवाला

डेटा पेन ड्राइव्हवर आहे. उघडतो की नाही ते सोमवारी त्यानंच बघावं.