अर्कम, ड्रॅक्युला, वॉर ऑफ द रिंग: मूळ पुस्तकं कुठून आणि किती वाचावीत?

सोंगटी:

मंडळी, आमच्या गटात तीन खेळ आलटून पालटून पटावर येतात: 'अर्कम हॉरर'चा कार्ड गेम (मूळ बॉक्स आणि डनविचची मोहीम, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या डावांची मालिका), 'फ्युरी ऑफ ड्रॅक्युला' आणि 'वॉर ऑफ द रिंग'. नियम तोंडपाठ आहेत, पण ज्या पुस्तकांवरून हे खेळ निघाले ती कुणीच वाचलेली नाहीत. भयकथा म्हणजे धारप, एवढीच आमची धाव.

'अर्कम'मागच्या लव्हक्राफ्टच्या नेमक्या कोणत्या कथा वाचाव्यात? आधी कथा वाचली तर मोहिमेतला धक्का निघून जातो का? ड्रॅक्युला अख्खी वाचायची की पाठलागापासून पुढे? आणि 'वॉर ऑफ द रिंग'मागच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची, म्हणजे टोल्किनची हजार पानं सगळ्यांकडून होणार नाहीत, तर त्यातली कोणती निवडावीत? आवृत्त्यांबद्दलही सांगा, जुन्या इंग्रजीची सवय नाही.

घुबडराव:

लव्हक्राफ्टपुरतं मी सांगतो, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मूळ बॉक्समधल्या मोहिमेमागे थेट अशी कथा नाही. शेवटी येणारा उमॉर्डोथ हा महाशत्रू खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः घडवलाय, लव्हक्राफ्टमध्ये शोधलात तर सापडणार नाही. घूल मात्र त्याचेच. त्यांच्यासाठी 'पिकमन्स मॉडेल' (१९२७) वाचा. अर्ध्या-पाऊण तासाची कथा: बोस्टनच्या जुन्या वस्तीतला एक चित्रकार आणि त्याचं तळघर. घूल म्हणजे नुसती मढी खाणारी जनावरं नव्हेत, माणसाशी त्यांचं जवळचं नातं आहे, हे तिथे कळतं. मग 'घूल प्रीस्ट'चं कार्ड नुसता जास्त आरोग्याचा शत्रू राहत नाही.

'द डनविच हॉरर' (१९२९) मात्र मोहिमेच्या आधीच वाचा. धक्का जाईल ही भीती इथे लागू नाही, कारण मोहीम कथेनंतर काही महिन्यांनी सुरू होते. कथेत सेंटिनेल हिलवर तिघं चढतात: ग्रंथपाल आर्मिटेज, राइस आणि मॉर्गन. मोहिमेच्या पहिल्या दोन डावांत (कोणताही आधी खेळता येतो) आर्मिटेज तुम्हाला याच राइस आणि मॉर्गनच्या शोधात पाठवतो. कथा न वाचलेल्याला ते कुणीतरी हरवलेले प्राध्यापक वाटतात. वाचलेल्याला पहिल्याच परिच्छेदात कळतं की नेमके हेच दोघं का, आणि पुढचा नंबर कुणाचा.

कथेत अदृश्य प्राण्यावर फवाऱ्याने भुकटी मारतात तेव्हा तो क्षणभर दिसतो. इब्न-घाझीची ती भुकटी मोहिमेत कार्ड म्हणून येते. पुढे योग-सोथोथ या अघोरी देवतेची पिलावळ समोर आली की बंदूक-सुरा काही चालत नाही, 'एसोटेरिक फॉर्म्युला' हे मंत्राचं कार्डच लागतं. सगळे अनुभवगुण हत्यारांच्या कार्डांवर उधळलेला गट तिथे हमखास अडकतो. मंत्र आणि भुकटीशिवाय काम होत नाही हे कथेनेच आधी सांगून ठेवलंय, म्हणून म्हणतो आधी वाचा.

'द कॉल ऑफ क्थुल्हू' (१९२८) तिसरी. चांगलीच आहे, पण तुमच्याकडच्या दोन मोहिमांना थेट उपयोग कमी. पुढे कधी अंटार्क्टिकाची मोहीम, म्हणजे 'एज ऑफ द अर्थ', घेतलीत तर 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' आधी वाचणं भागच आहे: कथेतला निवेदक प्राध्यापक डायर त्या मोहिमेत तुमच्यासोबत असतो. त्या कादंबरीच्या मध्यावर भिंतींवरच्या कोरीवकामातून परग्रहवासीयांचा सगळा इतिहास येतो, तिथे बरेच जण पुस्तक मिटतात. तो भाग भरभर वाचलात तरी चालेल, पण गाळू नका. शेवट त्यावरच उभा आहे.

आता खबरदारी. मुखपृष्ठावर लव्हक्राफ्टसोबत ऑगस्ट डर्लेथचं नाव असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गेला, त्यानंतर डर्लेथने त्याच्या तुटक टिपणांवरून स्वतःच कथा लिहिल्या आणि दोघांच्या नावाने छापल्या. खेळांतल्या बऱ्याच गोष्टी या दुसऱ्या धारेतून आल्यात. पेटत्या डोळ्याची पाच टोकांची चांदणी म्हणजे 'एल्डर साइन' (खेळांतली संरक्षक खूण) हे डर्लेथचं, लव्हक्राफ्टने पत्रात काढलेली खूण झाडाच्या फांदीसारखी होती. आणि आकड्यात मोजलेलं मानसिक संतुलन हे तर 'कॉल ऑफ क्थुल्हू' या १९८१ च्या रोल-प्लेइंग गेममधून रूढ झालं.

आवृत्ती: पेंग्विन क्लासिक्सचे तीन खंड, संपादक एस. टी. जोशी. (अवांतर: हे सुनंद त्र्यंबक जोशी जन्माने पुण्याचे, आणि लव्हक्राफ्टचे जगातले सगळ्यात मोठे अभ्यासक.) मासिकांनी कथा छापताना परिच्छेद तोडले होते, 'माउंटन्स'चा शेवटाकडचा काही मजकूरच गाळला होता. जोशींनी हस्तलिखितांवरून पाठ दुरुस्त केले. स्वस्त संग्रहांत बऱ्याचदा जुना, चुकीचा पाठच असतो. तुम्हाला आधी दुसरा खंड घ्यावा लागेल, 'द थिंग ऑन द डोअरस्टेप' नावाचा. पिकमन, डनविच आणि माउंटन्स तिन्ही त्यातच आहेत. क्थुल्हू पहिल्या खंडात.

डनविचमधले गावकरी बोलीत बोलतात आणि स्पेलिंगही उच्चाराप्रमाणे आहे. डोळ्यांनी वाचून कळत नाही, मोठ्याने वाचलं की कळतं. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष कथांमध्ये उघड दिसतो, तेही माहीत असलेलं बरं. 'द हॉरर ॲट रेड हुक' तर खुशाल वगळा.

कंदील:

ड्रॅक्युला (१८९७) अख्खी वाचा. सत्तावीस प्रकरणं आहेत, सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि बातम्यांच्या कात्रणांतून. पहिली चार म्हणजे जोनाथनची किल्ल्यातली डायरी, ती एका दमात संपतात. मग लूसी या तरुणीच्या आजारपणात वेग मंदावतो, नववं ते तेरावं प्रकरण नेट लावून काढावं लागतं. व्हॅन हेल्सिंग या डच डॉक्टरचं मोडकंतोडकं इंग्रजी लेखकाने मुद्दाम तसं लिहिलंय, प्रत्येक वाक्याचं व्याकरण लावत बसू नका.

खेळाच्या दृष्टीने अठरावं प्रकरण सोन्याचं. व्हॅन हेल्सिंग सगळ्यांना बसवून शत्रूची ताकद आणि मर्यादा सांगतो: लांडगा, वटवाघूळ, धुकं होता येतं, बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही, दिवसा शक्ती ओसरते, वाहतं पाणी भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच ओलांडता येतं, लसूण, क्रूस, शवपेटीवर रानगुलाबाची फांदी, मंतरलेली गोळी. खेळातली निम्मी कार्डं या एका भाषणातून निघालीत. उन्हात त्याची राख होते हे मात्र सिनेमातून आलं, कादंबरीत तो लंडनमध्ये भरदिवसा फिरतो. म्हणून खेळातही दिवस म्हणजे त्याच्या शक्तींवर बंधन, मृत्यू नव्हे.

शिकारी, म्हणजे ड्रॅक्युलाचा पाठलाग करणारी बाजू, खेळणाऱ्यांनी चोविसाव्या प्रकरणापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचावं. ड्रॅक्युला जहाजाने निघतो, शिकारी ओरिएंट एक्स्प्रेसने वार्नाला जाऊन दबा धरून बसतात आणि जहाज लागतं गलात्झला. दोन्ही नावं पटावर आहेत. रेल्वे शिकाऱ्यांसाठी, ड्रॅक्युलाला नाही, हा नियम इथूनच आलाय. जोनाथनची बायको मीना हिला गाड्यांची वेळापत्रकं पाठ असतात आणि सव्विसाव्या प्रकरणात ती रस्ता, रेल्वे, नदी असे तिन्ही पर्याय लिहून एकेक खोडत जाते. खेळात ड्रॅक्युलाच्या सहा पत्त्यांच्या मागावर (तो गेलेल्या ठिकाणांची उपडी कार्डं) अंदाज बांधायचा तो याच रीतीने: तो कुठे असेल यापेक्षा कुठे असूच शकत नाही, ते आधी. नवखे गट चौघांना चार दिशांना पळवतात आणि माग मिळाला तरी घेरायला जवळ दुसरं कुणी नसतं.

खेळ कादंबरीनंतर आठ वर्षांनी घडतो. मीनाच्या अंगावर सुरुवातीपासूनच एक चावा का आणि कादंबरीतल्या शिकाऱ्यांपैकी क्विन्सी मॉरिस खेळात का नाही, याची उत्तरं पुस्तकात आहेत. इथे फोडत नाही.

कुणी ३ मे ते ६ नोव्हेंबर असं तारखेप्रमाणे वाचायला सुचवतात. पुस्तकातला क्रम तारखांप्रमाणे सरळ नाही, त्यामुळे तसं वाचताना किल्ल्यातल्या डायरीच्या मधेच लूसीची पत्रं येतात आणि ताण तुटतो. पहिल्या वाचनाला पुस्तकाचाच क्रम बरा.

दुसरा डाव:

टोल्किन. इंग्रजी अडत असेल तर मुग्धा कर्णिकांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे, तो घ्या.

सगळं होणार नसेल तर पहिल्या भागातली 'द शॅडो ऑफ द पास्ट' आणि 'द कौन्सिल ऑफ एलरॉण्ड' ही दोन प्रकरणं, मग तिसरा आणि पाचवा ग्रंथ पूर्ण. (तीन खंडांत मिळून सहा ग्रंथ आहेत, गोंधळू नका.) चौथा ग्रंथ म्हणजे अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो-सॅमची वाटचाल. खेळात तिचं मॉर्डॉरच्या पाच घरांत आणि शिकारीच्या चकत्यांत सार काढलंय, म्हणून नंतर सवडीने वाचला तरी चालेल.

परिशिष्टं मात्र टाळू नका. "डेल आणि एरेबोरवर हल्ला कुठे झाला होता?" असं लोक पटावर विचारतात. झाला होता. परिशिष्ट 'ब'च्या कालक्रमात १७ मार्चला डेलची लढाई आहे, राजा ब्रँड आणि डाइन तिथेच पडतात. लॉरिएनवर ११, १५ आणि २२ मार्च असे तीन हल्ले. मुख्य कथेत हे ओझरतं येतं, खेळाने ते पटावर आणलंय. सावलीच्या, म्हणजे सॉरॉनच्या, बाजूने खेळणाऱ्याने उत्तरेला जोर लावणं पुस्तकाला धरूनच आहे.

तिसऱ्या ग्रंथातला खचलेला रोहनचा राजा थेओडन वाचलात की राजकीय पट्टीवर (कोणतं राज्य युद्धात कधी उतरतं ते दाखवणारी) रोहन सुरुवातीला थंड का, तेही उलगडेल. पाचव्यात ॲरागॉर्न पेलार्गिरला कसा पोचतो ते कळलं की खेळात स्ट्रायडर या पात्राचा राजा ॲरागॉर्न करायला मिनास तिरिथ, डोल अमरॉथ किंवा पेलार्गिरच का लागतं, हा नियम पुन्हा विसरत नाही.

फुकट प्रतींबद्दल: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. स्टोकर (मृत्यू १९१२) आणि लव्हक्राफ्ट मोकळे आहेत, ड्रॅक्युला प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळेल. टोल्किन १९७३ चा, म्हणजे २०३३ संपेपर्यंत हक्क राखीव. त्याची फुकट पीडीएफ दिसली तर ती चोरीची.

सोंगटी:

भरपूर मिळालं, आभार! एक राहिलं: पुढे कार्कोसाची मोहीम घ्यायची आहे. तीही लव्हक्राफ्टच का?

पानपलटी:

नाही. ती रॉबर्ट चेंबर्सच्या 'द किंग इन यलो' (१८९५) वरून आहे, हेही गुटेनबर्गवर आहे. दहा कथांपैकी पहिल्या चारच वाचा: 'द रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स', 'द मास्क', 'इन द कोर्ट ऑफ द ड्रॅगन', 'द यलो साइन'. पुस्तकाच्याच नावाचं, वाचणाऱ्याला वेड लावणारं नाटक फक्त या चारांत आहे. शेवटच्या कथा पॅरिसमधल्या चित्रकारांच्या प्रेमाच्या आहेत. भय शोधत त्या वाचणारे वैतागतात आणि पुस्तकालाच नावं ठेवतात.

कार्कोसा हे नावही चेंबर्सचं नाही, त्याने ते ॲम्ब्रोज बिअर्सकडून उचललं. मोहिमेतला हस्तूरही तिथलाच, बिअर्सकडे तो मेंढपाळांचा देव आहे. लव्हक्राफ्टने एका कथेत नुसता नामोल्लेख केला, राक्षस झाला तो डर्लेथच्या हातून. वर घुबडराव म्हणाले तीच धार.

'रिपेअरर'ची सुरुवात १९२० च्या न्यूयॉर्कची आहे, म्हणजे लेखनाच्या वेळी भविष्यातली. पहिली दोन पानं सरकारी धोरणांची जंत्री वाटतात, तिथे कंटाळू नका. निवेदक हिल्ड्रेड सांगतो त्यातलं काहीच गृहीत धरू नका, सालसुद्धा. मोहिमेत 'डाउट' आणि 'कन्व्हिक्शन'च्या खुणा नोंदवत जायच्या असतात, त्याची जातकुळी हीच: जे दिसतंय ते खरं मानायचं की नाही. पहिल्या डावाआधी ही एक कथा सगळ्यांनी वाचलेली असू दे, बाकीच्या तीन कथा डावांच्या मधल्या आठवड्यांत होतील.