गुंडीला लेप्टोची लस द्यावी की नाही? पावसाळा तोंडावर आलाय

गुंडीची_आई, ठाणे

आमची गुंडी डॅशहुंड, वय ९, वजन साडेसात किलो. गेल्या वर्षी जूनमध्ये लस देऊन घरी आणली आणि तासाभरात तिचं थोबाड बटाटेवड्यासारखं फुगलं. डोळे दिसेनात. रात्री अकराला रिक्षा करून परत दवाखाना, इंजेक्शन, आणि पहाटेपर्यंत मी तिच्याशेजारी लादीवर. तेव्हापासून नवऱ्याने जाहीर केलंय, रेबीज सोडून एकही सुई नाही.

आता वार्षिक लसीचा मेसेज आलाय, त्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा आजार) आहे. आम्ही तळमजल्यावर. मागे नाला, पार्किंगमध्ये घुशी. त्यातल्या दोघींना तर वॉचमन चालीवरून ओळखतो. गुंडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. डबकं उडी मारून ओलांडणं तिला जमत नाही, ती त्यातून पोट घासत जाते.

नवरा म्हणतो, ९ वर्षं काही झालं नाही. मी म्हणते, ९ वर्षं लस होती म्हणून झालं नाही. पुरावा दोघांकडेही शून्य. अनुभवी लोकांनी सांगा. भांडा, पण मुद्द्यावर.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

द्या. एवढंच लिहून थांबणार होतो, पण सांगतोच.

२२ जुलै २०२१ चा पूर. आम्ही माळ्यावर, वाघ्या आमच्याबरोबर. त्याला पाणी लागलंसुद्धा नाही. पाणी उतरल्यावर मात्र घरात गुडघाभर गाळ. आम्ही फावड्याने ओढतोय आणि हा दिवसभर त्यातच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेवण सोडलं. वाटलं, घराची दशा बघून रुसलाय. दुसऱ्या दिवशी उलट्या, मागचे पाय ताठ, उठवलं की कण्हायचा. चौथ्या दिवशी ओठ वर करून बघितला तर हिरड्या हळद लावल्यासारख्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मग तीही थांबली. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. सहाव्या दिवशी गेला.

त्याचं कार्ड अजून कपाटात आहे. रेबीजचे चार स्टिकर, बाकी रकाने कोरे. "गावठी कुत्र्याला काय होतंय" असं मीच म्हणालो होतो.

पाचवा_मजला, पुणे

वाशिष्ठीकाठ, वाईट वाटलं. तरीही विरोधात लिहितो, कारण धागा गुंडीचा आहे.

लेप्टोस्पायरा या जिवाणूचे अडीचशेच्या वर उपप्रकार आहेत. आपल्याकडच्या साध्या लसीत असतात दोन, कॅनिकोला आणि इक्टेरोहेमरेजी. एका गटाची प्रतिकारशक्ती दुसऱ्या गटाला फारशी कामाची नाही. भारतात ऑटमनॅलिससारखे गटही सापडतात, ते त्या बाटलीत नाहीतच. म्हणजे कुलूप पुढच्या दाराला आणि मागचं दार सताड उघडं.

दुसरं म्हणजे, पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या लसीचा बूस्टर मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी पुरतो असं आता जगभरच्या मार्गदर्शिका सांगतात. आपल्याकडे मात्र दरवर्षी सरसकट सगळं टोचतात. ज्या कुत्रीचं तोंड एकदा सुजलंय तिला पुन्हा त्याच वाटेने न्यायचं, तेही अर्धवट संरक्षणासाठी? तो पैसा आणि ती ताकद घुशींवर लावा. नाल्याकडच्या भोकाला जाळी, कचऱ्याच्या डब्याला झाकण, रात्री कुत्र्याचं भांडं बाहेर नाही.

माझा लॅब्रॅडोर ११ वर्षांचा आहे. पाचव्या मजल्यावर राहतो, दोनदा सिमेंटच्या रस्त्यावर फिरतो. लेप्टो घेतलेली नाही.

झणझणीत

+१ पाचवा मजला. सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

गुरांचा_डॉक्टर, कुडाळ

झणझणीत, धंदा आहेच. पावाचाही असतो.

पाचवा मजला यांचा उपप्रकारांचा मुद्दा खरा आहे, आणि आमच्यातलेच बरेचजण तो मालकांना सांगत नाहीत. पण इक्टेरोहेमरेजी हा गट मुख्यतः उंदीर-घुशींच्या मुतातून येतो, आणि गुंडीच्या पार्किंगमध्ये नेमक्या त्याच आहेत. चार घटकांची लसही मिळते. त्यात वरच्या दोनांबरोबर ग्रिपोटायफोसा आणि कंपनीप्रमाणे पोमोना किंवा ऑस्ट्रेलिस. सगळी दारं बंद होत नाहीत, पण घुशीचं होतं.

'दरवर्षी सरसकट'बद्दल. ही तक्रार पार्वोला लागू पडते, लेप्टोला नाही. पार्वोची लस जिवंत पण निर्बल केलेल्या विषाणूची, ती वर्षानुवर्षं काम देते. लेप्टोची मेलेल्या जिवाणूंची, तिचा जोर साधारण वर्षभर. सुरुवातीला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक, तोही शक्यतो पावसाच्या आधी. आमच्या सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत माणसांनाच लेप्टो होतो, कुत्रा तर चोवीस तास त्याच चिखलात.

आता महत्त्वाचं. दवाखान्यात बाटल्या नीट बघा. एकीत तळाशी पांढरी कोरडी वडी असते, दुसरीत पाण्यासारखं द्रव. वडी म्हणजे पार्वो-डिस्टेंपर मंडळी. ते द्रव नुसतं पाणी नसतं, बऱ्याचदा तीच लेप्टोची लस असते. डॉक्टर द्रव सिरिंजमध्ये ओढतो, वडीत सोडतो, बाटली हलवतो, झाली एक सुई. त्यामुळे 'लेप्टो वगळा' आणि 'फक्त लेप्टो द्या' हे दोन्ही जमू शकतं. मात्र आधी सांगावं लागतं, कधीकधी वेगळी बाटली मागवावी लागते.

ताई, गेल्या वर्षी त्या दिवशी नेमकं काय काय दिलं होतं? कार्डावर स्टिकर असतील.

गुंडीची_आई

कार्ड शोधलं. एकाच तारखेला तीन स्टिकर. नाईन-इन-वन (पार्वो-डिस्टेंपर मंडळी आणि लेप्टो एकत्र), रेबीज आणि केनेल कफ (कुत्र्यांचा खोकला).

आणि आता आठवतंय, डॉक्टर म्हणाले होते रेबीज पुढच्या महिन्यात देऊ. मीच म्हटलं, "सगळं एकदाच उरका, सारखी सुट्टी मिळत नाही." नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

गुरांचा_डॉक्टर

वाटलंच होतं. अमेरिकेत २००५ साली १२ लाखांवर कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस दिल्यावर तीन दिवसांत काहीतरी त्रास झालेले निघाले दर १० हजारांत ३८ च्या आसपास. त्यात कुत्रा जितका लहान तितका धोका जास्त, आणि १० किलोपर्यंतच्या कुत्र्यांत एका भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे तो २७ टक्क्यांनी वाढत होता. सर्वाधिक त्रास झालेल्या जातींत डॅशहुंड आहे. गुंडी सगळ्याच रकान्यांत बसते.

म्हणून वर्षातल्या सगळ्या सुया एका दिवशी नकोत. दोन लसींत तीन आठवडे ठेवा. सकाळी जा म्हणजे काही झालं तर दवाखाना उघडा असेल, आणि टोचल्यावर तासभर तिथेच बसा. सूज आल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, ते सुईपूर्वी अ‍ॅलर्जीचं औषध द्यायचं का ते ठरवतील. अर्धा डोस मागू नका, त्याने रिअ‍ॅक्शन टळेल याची खात्री नाही आणि संरक्षणही अर्धवट. नुसती सूज न येता ती कोसळली असती, श्वास लागला असता, तर मी स्वतःच 'नको' म्हणालो असतो.

पाचवा_मजला

म्हणजे सरसकट टोचल्यानेच त्रास झाला, हे माझंच म्हणणं झालं की! एक शंका. रक्त तपासून अँटीबॉडी आहेत का बघितलं तर? असतील तर सुई वाचेल.

गुरांचा_डॉक्टर

पार्वो-डिस्टेंपरसाठी ते चालतं आणि मी सुचवतोही. लेप्टोत चालत नाही. अँटीबॉडी काही महिन्यांत खाली येतात, तरी कुत्रा सुरक्षित असू शकतो. आकडा बघून काहीच ठरवता येत नाही.

एडिसनकर, न्यू जर्सी

अनुभवाची भर. इथे आमच्या व्हेटकडे लेप्टो वर्षानुवर्षं 'जीवनशैलीनुसार' या यादीत होती. शिकारीला, जंगलात जाणाऱ्या कुत्र्यांसाठी, असं म्हणायचे. मग शहरातली, अंगणापुरती फिरणारी छोटी कुत्रीही आजारी पडताना दिसू लागली. २०२४ मध्ये अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनने ती सगळ्या कुत्र्यांसाठी आवश्यक लसींत टाकली. आमच्या मागच्या अंगणात उंदीर नाहीत, पण रकून येतो आणि तोही लेप्टो पसरवतो. पाचवा मजला, तुमच्या सिमेंटच्या रस्त्यावर रात्री काय फिरतं ते बघितलंय का? हलकेच घ्या.

सूनबाई, डोंबिवली

माणसांचं कुणीच बोललं नाही. सासूबाईंना मधुमेह, पायाला न भरणारी जखम. आमचा पॉम (पॉमेरेनियन) गॅलरीत मुततो आणि पुसणाऱ्या त्याच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलेल्यांना. आता दर पावसाळ्यात महापालिका सांगते, पाण्यातून चाललात तर ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्या. माणसांसाठीची लस इथे काही सहज मिळत नाही. कुत्र्याची मिळतेय तर मी घेणार.

पाचवा_मजला

सूनबाई, घाबरवू नका. मुंबईत माणसं आजारी पडली ती साचलेल्या पाण्यामुळे, घरच्या पॉममुळे नाही.

गुरांचा_डॉक्टर

बहुतांशी बरोबर. पण संसर्ग झालेला कुत्रा लघवीतून जिवाणू टाकतो, कधीकधी स्वतः आजारी न दिसता. लस असलेला कुत्राही मुतला तर सासूबाईंनी हातमोजे घालावेत आणि नंतर ब्लीचच्या पाण्याने पुसावं. त्याला पैसे पडत नाहीत.

मावशी_बिस्किटवाली, कांदिवली

माझी १४ भटकी आहेत. लेप्टो देत नाही, आणि मला शिव्या घालू नका. पहिल्यांदा तीन-चार आठवड्यांत दोनदा टोचायचं. एकदा पकडलेला काळ्या तीन आठवड्यांनी माझ्या चपलांचा आवाज ऐकूनच गटाराच्या पलीकडे पळतो. जेवढे पैसे आणि जेवढे हात, त्यात रेबीज आणि नसबंदी. ज्यांचा कुत्रा सोफ्यावर झोपतो त्यांनी वाद घालावा.

गुंडीची_आई

अपडेट. नवऱ्याला तीन स्टिकरचं सांगितलं. तो काही बोलला नाही, हे वाईट.

डॉक्टरांशी बोलले. पार्वो-डिस्टेंपर यंदा नाही, ते गेल्या वर्षीचं पुरेल म्हणाले. लेप्टोची वेगळी बाटली मागवली. गेल्या डोसला अजून वर्ष उलटलेलं नाही म्हणून एकच पुरे. रेबीज तीन आठवड्यांनी.

शनिवारी सकाळी साडेनऊला टोचली. बाकड्यावर तासभर बसलो. नवरा दर दहा मिनिटांनी तिचा फोटो काढत होता, आधीच्या फोटोशी ताडून बघायला. सहाव्या फोटोत ती जांभई देतेय. संध्याकाळी पोळी खाल्ली. थोबाड होतं तेवढंच.

पाचवा_मजला

छान झालं. पण सूज आली नाही म्हणून लस हवीच होती असं सिद्ध होत नाही, एवढं नोंदवून ठेवतो. जाळीचं काय झालं?

वाशिष्ठीकाठ

काका, लेप्टो झाला नाही म्हणून लस नको होती असंही सिद्ध होत नाही. तुमच्या लॅबला पाऊस सुरू व्हायच्या आत न्या.

पाचवा_मजला

विचारतो डॉक्टरांना. नुसतं विचारतो म्हणालो.

गुंडीची_आई

जाळी रविवारी बसवली, सिमेंट लावून. सोमवारी सकाळी वॉचमनने दाखवलं, शेजारची माती उकरून नवीन भोक. गुंडी त्यात नाक खुपसून उभी होती.