पायाच्या सीलरची पट्टी सारखी तुटते, कोणती घ्यावी?

चटणीवाली, निपाणी
नमस्कार मंडळी. घरीच शेंगा चटणी करून पाव किलोच्या पाकिटात भरते. पायाने दाबायचं १२ इंची इम्पल्स मशीन आहे, म्हणजे दाबलं की क्षणभर पट्टी तापून पाकीट चिकटवणारं. २ मिलिमीटरच्या पट्टीने सील बारीक पडून तेल झिरपायचं, म्हणून दुकानदाराने ५ ची दिली. आठवड्यात दोन पट्ट्या गेल्या, दोन्ही डाव्या टोकाला, स्क्रूपासून बोटभर अंतरावर. ट्रान्सफॉर्मर इतका तापतो की हात लाववत नाही. दुसरा एकजण कँथलची (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) पट्टी घ्या म्हणतो. दिवाळीच्या ऑर्डरी आल्यात, काय करू?

सीलरदुरुस्ती, उद्यमबाग (बेळगाव)
ताई, आधी ती ५ ची पट्टी काढा. जाडी तीच ठेवून रुंदी २ ची ५ केली की करंट अडीचपट होतो. तुमचा ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी बांधलेला नाही, जळला तर मोठा खर्च निघेल. मूळ मापाचीच घ्या, रुंदीबरोबर जाडीही जुन्या तुकड्यावरून मोजून न्या. नायक्रोम ८०:२० मागा, म्हणजे ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. कँथल भट्टीत उत्तम, पण तापून गार झालं की ठिसूळ होतं, सारख्या ताणाला टिकत नाही.

टोकाला पाकीट पोचत नाही, उष्णता ओढून घ्यायला तिथे काही नसतं, म्हणून पट्टी तिथंच लाल होते. टोकांना तांब्याचा मुलामा असलेली मिळते, तीच घ्या. आणि १२ इंची पट्टी तापली की जवळजवळ एक मिलिमीटर लांबते. तो ढिलेपणा स्प्रिंगने ओढून घ्यायचा असतो. दोन्हीकडची स्प्रिंग बोटाने दाबून बघा. पट्टीखालचं टेफ्लॉनचं कापड काळं पडलं असेल तर तेही बदला.

काजूवाला, खानापूर
तेल झिरपतं ते पट्टीमुळे नाही हो. पाकिटाच्या तोंडाला चटणीचा कण राहिला की सील धरतच नाही, पट्टी कितीही रुंद असो. लांब नळीचं नरसाळं वापरा, वरची दोन बोटं जागा कोरडी राहिली पाहिजे. आणि मशीनवरचा दिवा विझला की लगेच पाय उचलू नका, दोन-तीन सेकंद दाबून धरा. प्लॅस्टिक दाबाखालीच गार व्हायला हवं.

चटणीवाली, निपाणी
दादा, आत्ता उघडून बघितलं. डावी स्प्रिंग हलतच नव्हती, तेलात भिजलेली चटणी तिच्यात दगडासारखी बसली होती. सुईने कोरून काढली. टेफ्लॉनलाही मधोमध भोक पडलंय. उद्या बेळगावला येते, जुना तुकडा बरोबर आणते.