मदत हवी आहे: पांढरी टी, लाल टी आणि हँडिकॅपचा हिशेब

मंडळी, मी, दादा आणि वहिनी अधूनमधून खारघरला गोल्फ खेळतो. (चेंबूर, ताडदेवच्या क्लबांची मेंबरशिप आपल्याला झेपणारी नाही. हार्बर लाइनच्या गर्दीत गोल्फची बॅग सांभाळणारा माणूस दिसला तर तो बहुधा मीच.) आता माझी आणि वहिनींची मॅच लागली आहे, हरेल त्याने मिसळ द्यायची. मी पांढऱ्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा), त्या लाल टीवरून. त्यांना शॉट (म्हणजे फटक्यांची सूट) किती द्यायचे, यावर घरात तीन मतं आहेत.

कोर्स हँडिकॅपचं, म्हणजे त्या टीवरून कुणाला किती शॉटची सूट याचं, सूत्र माहीत आहे: इंडेक्स (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, कमी तितका चांगला) गुणिले स्लोप (साध्या खेळाडूला ती टी तुलनेने किती अवघड; ११३ म्हणजे मध्यम) भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला लागतील ते फटके) वजा पार (ठरवून दिलेले फटके). खालचे आकडे फक्त उदाहरणाचे, कुठल्या कोर्सचे नाहीत.

मी: इंडेक्स १८.४, स्लोप १२४, रेटिंग ७०.२, पार ७१. उत्तर १९.३९.
वहिनी: इंडेक्स २२.६, स्लोप १२१, रेटिंग ७१.५, पार ७२. उत्तर २३.७०.

दादा म्हणतो, इंडेक्समधून इंडेक्स वजा कर, चार शॉट. माझ्या हिशेबाने १९ आणि २४, म्हणजे पाच. वहिनी म्हणतात सहा, कारण लाल टीवर एक लांब होल पार-५ धरलंय, तेच पांढऱ्यावर पार-४ आहे. पण पार तर सूत्रात येऊन गेला ना? मग पुन्हा कशाला?

हिशेबनीस: वहिनी बरोबर आहेत. सूत्रात पार वजा होतो म्हणूनच तर ही भानगड. प्रत्येकाचा कोर्स हँडिकॅप आपापल्या टीच्या पारशी बांधला जातो. दोघंही आपापल्या हँडिकॅपला साजेसे खेळलात तर तुमचा नेट (एकूण फटके वजा हँडिकॅप) ७१ येईल, त्यांचा ७२. खेळ सारखा, तरी त्या एकाने मागे. म्हणून ज्याचा पार जास्त, त्याला तेवढा फरक वाढवून द्यायचा. २३.७० अधिक एक, २४.७० म्हणजे २५, त्यातून १९ गेले, राहिले सहा. दादांना सांगा, इंडेक्स कोर्सवर थेट वापरायचा नसतोच, आधी स्लोपमधून जावं लागतं.

बंकरवासी: एक पुरवणी. स्टेबलफोर्ड (दर होलला पॉइंट मिळवायचा प्रकार) खेळलात तर हा जादा शॉट नाही, कारण तिथे पॉइंट आपापल्या पारवरच मोजतात. आणि मॅच प्लेला (एकास एक, होलमागून होल जिंकायचं) १०० टक्के हँडिकॅप, वैयक्तिक स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजायचे) ९५ टक्के. टक्केवारी लावताना अपूर्णांक तसाच ठेवा, पूर्णांक सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता: आभार! वहिनींना धागा दाखवला, आता घरात राहणं कठीण आहे. शेवटचं एक: हे सहा शॉट कुठल्या होलवर? कार्डावर पुरुषांचा आणि बायकांचा स्ट्रोक इंडेक्स (कुठल्या होलवर आधी शॉट मिळतो तो क्रम) वेगळा छापलाय.

हिशेबनीस: शॉट त्यांना मिळतायत, तेव्हा लाल टीचा स्ट्रोक इंडेक्स. त्यात १ ते ६ क्रमांकाची होल, प्रत्येकी एक.